पूल कुणाचा?

सबमिशनच्या धामधुमीत इव्हो आंद्रिच यांची 'द ब्रिज ऑन द ड्रिना' (१९४५) वाचून काढली. बोस्नियातल्या विशेग्राडचा अकरा कमानींचा दगडी पूल हाच तिचा नायक! तो बांधून घेतला मेहमेद पाशाने. लहानपणी ख्रिस्ती घरातून उचलून नेलेला पोरगा, पुढे ऑटोमन वजीर झालेला. बांधकामात मोडतोड करणाऱ्या शेतकऱ्याला सुळावर चढवतात, तिथेच मी पुस्तक मिटलं असतं तर नुसता राग घेऊन उठलो असतो. पुढे त्याच पुलावर मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू गप्पा मारत बसतात. १९९२ साली मात्र सर्ब टोळ्यांनी तिथेच मुसलमानांना मारून नदीत फेकलं. म्हणून म्हणतो, इतिहासावरची कादंबरी अर्धी वाचून कुणावर दात धरू नका. पूर्ण वाचा, मग मेसमध्ये भांडायला या!