मोंद्रियानची भूमिती पट्टीत मावत नाही

झुरिकच्या कुन्स्टहाउसमध्ये पीट मोंद्रियान या डच चित्रकाराचं १९३० सालचं एक चित्र आहे, जेमतेम दीड फूट लांब-रुंद. वर उजवीकडे भलामोठा लाल चौकोन, खाली डावीकडे लहानसा निळा, उजव्या कोपऱ्यात पिवळ्याचा तुकडा, बाकी पांढरं आणि मधून काळ्या रेघा. हातात पट्टी दिली तर शाळकरी पोरही हे काढील, असं म्हणणारे पुष्कळ. पण पट्टीने ठरावं असं या चित्रात फार थोडं आहे. लालने अर्ध्याहून जास्त जागा व्यापली आहे. नुसत्या क्षेत्रफळाचा हिशेब केला तर चित्र उजवीकडे कलंडायला हवं. ते कलंडत नाही, कारण समोरचा निळा लहान असला तरी गडद आहे आणि डावीकडच्या दोन पांढऱ्या भागांमधली आडवी रेघ इतर रेघांपेक्षा चांगली जाड आहे. ती मनातल्या मनात बारीक करून पाहा, लाल लगेच अंगावर येतो. आकार, गडदपणा आणि जाडी यांना एकाच मापात बसवणारं सूत्र मोंद्रियानजवळ नव्हतं. तो रेघा सरकवायचा, पुन्हा रंगवायचा आणि नजरेला विचारायचा. (छापील प्रतीत सगळं गुळगुळीत दिसतं, मूळ कॅनव्हासवर कुंचल्याच्या खुणा आहेत.)

यावर एक आक्षेप मात्र खरोखर अडचणीचा आहे. ‘न्यूयॉर्क सिटी १’ हे त्याचं १९४१ चं, रंगीत चिकटपट्ट्यांचं काम १९४५ पासून उलटं टांगलं जात असावं, असं ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयातल्या सुसान मायर-ब्यूझर यांनी २०२२ मध्ये दाखवून दिलं. मोंद्रियानच्या स्टुडिओच्या १९४४ मधल्या एका छायाचित्रात पट्ट्यांची दाटी वरच्या बाजूला आहे. पाऊणशे वर्षं जाणकारांच्या लक्षात आलं नाही, तर मग तोल कसला? यातून जाणकारांची फजिती होते, हे कबूल. पण ते काम अर्धवट राहिलेलं, त्यावर सही नाही, आणि पट्ट्या सरकवता याव्यात म्हणूनच तर त्या वापरल्या होत्या. शिवाय तिथे रंग फक्त रेघांमध्ये आहे, त्याला पसरायला पृष्ठभागच नाही. झुरिकचं चित्र उलटं करून पाहावं: लाल खाली डावीकडे जड होऊन बसतो, निळा वर निघून जातो आणि ज्या ओढाताणीवर ते चित्र उभं आहे तीच सैल पडते.