जुन्या साच्यातला रणगाडा

दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांची, ट्रकांची आणि चिलखती गाड्यांची जुनी प्लास्टिक मॉडेल किट पुन्हा बाजारात येत आहेत. खोका नवा, त्यावरचे चित्र नवे, डिकलचा कागदही नवा. आतले भाग मात्र कित्येकदा पन्नास-साठ वर्षांपूर्वी घडवलेल्या साच्यातून निघालेले असतात. यावरून हा छंद जोपासणाऱ्यांत दोन तट पडले आहेत. एका तटाला ही उघड फसवणूक वाटते. दुसऱ्याला लहानपणीची वस्तू पुन्हा हाती आल्याचा आनंद होतो. आमच्या मते दोन्ही बाजू मूळ मुद्द्याला बगल देतात. जुन्या किटमध्ये उणिवा असणारच. त्या कोणत्या आहेत हे ओळखून, पुरावे तपासून, हाताने त्या भरून काढणे हाच या छंदाचा सर्वांत कसदार भाग आहे. पण त्यासाठी घेणाऱ्याला किटचे खरे वय कळले पाहिजे, आणि ते सांगणे हे उत्पादकाचे काम आहे.

साचे इतकी वर्षे टिकतात कसे, हे आधी पाहू. वितळलेले पॉलिस्टायरीन मोठ्या दाबाखाली धातूच्या साच्यात भरले जाते, थोड्याच वेळात ते थंड होते आणि भाग लगडलेली चौकट, म्हणजे स्प्रू, बाहेर पडते. या धंद्यात प्लास्टिकचा खर्च किरकोळ असतो. खरा पैसा साचा घडवण्यात जातो. तो एकदा वसूल झाला की पुढची आवृत्ती काढायला फारसे भांडवल लागत नाही. नीट निगा राखलेला पोलादी साचा तो घडवणाऱ्या कंपनीपेक्षाही जास्त जगतो. ब्रिटनच्या एअरफिक्सचा इतिहास हेच सांगतो. निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या उद्योजकाने १९३९ मध्ये ही कंपनी काढली. १९६१च्या सुमारास तिने १:७६ प्रमाणातले पँथर, शर्मन आणि चर्चिल हे रणगाडे बाजारात आणले. १९८१ मध्ये कंपनी बुडाली. तिचे साचे फ्रान्समधल्या कॅलेला गेले, १९८६ मध्ये हम्ब्रोलच्या हाती आले आणि २००६ मध्ये हॉर्नबीने ते विकत घेतले. इतके मालक बदलले, पण चर्चिलचा साचा अजून कामात आहे. मॅचबॉक्सच्या १:७६ रणगाड्यांचे साचे असेच जर्मनीच्या रेव्हेलकडे गेले. आज एअरफिक्सच्या नावाने मिळणाऱ्या १:३५ रणगाड्यांत कोरियाच्या अकॅडमी कंपनीचे भाग असतात. खोक्यावरचे नाव आणि आतल्या प्लास्टिकचे जन्मस्थान यांचा मेळ बसेलच, असे गृहीत धरून चालत नाही.

जुन्या किटमधल्या चुकांना निष्काळजीपणा म्हणण्याची घाई करू नये. त्या काळाच्या अडचणी त्यांत दिसतात. १:७६ हे प्रमाण ओओ गेजच्या खेळण्यातल्या रेल्वेवरून आले. फलाटाशेजारी रणगाडा ठेवला तर तो शोभावा, एवढाच त्यामागचा विचार होता. १:३५ या आज सर्वमान्य असलेल्या प्रमाणाचा उगम त्याहून व्यावहारिक आहे. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या टामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्यात, या गरजेतून त्याचा आकार ठरला. त्याचे प्रमाण मोजले तेव्हा ते १:३५च्या आसपास निघाले. पुढे तेच प्रमाण रूढ झाले. टामियाच्या काही जुन्या रणगाड्यांच्या तळाला स्विचसाठी ठेवलेली भोके आजच्या आवृत्तीतही दिसतात, ती याच कारणाने. माहिती मिळवणेही तेव्हा सोपे नव्हते. टामियाचे शुनसाकू टामिया १९६६ मध्ये खरे रणगाडे पाहण्यासाठी अमेरिकेतल्या ॲबरडीनच्या लष्करी संग्रहालयात गेले, कारण जपानमध्ये बसून टायगर वा शर्मनची मापे मिळण्यासारखी नव्हती. संगणकावर आराखडा करून साचा कोरण्याची सोयही त्या काळी नव्हती.

आता प्रत्यक्ष उणिवांकडे येऊ. पहिली उणीव जाडीची. पातळ भिंतीच्या साच्यात प्लास्टिक नीट पसरत नाही, म्हणून जुन्या किटमधले मडगार्ड, झाकणे आणि कडा जाड असतात. १:३५ प्रमाणात एक मिलिमीटर जाडीचा मडगार्ड प्रत्यक्षातल्या ३५ मिलिमीटरांएवढा होतो आणि १:७६ मध्ये ७६ मिलिमीटरांएवढा. अमेरिकेच्या एम३ रणगाड्याचे पुढचे चिलखत ५१ मिलिमीटरांचे होते. म्हणजे लहान प्रमाणात चिखल अडवणारा पत्रा तोफगोळा अडवणाऱ्या पोलादापेक्षा जाड ठरतो. यावर उपाय आहे. कडेला आतल्या बाजूने उतार देऊन ती घासायची, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला पातळ कडच दिसते. किंवा तो भाग कापून टाकून पातळ प्लास्टिक शीटचा नवा बसवायचा. याला खर्च फार येत नाही. धारदार चाकू, पॉलिश पेपर आणि सबुरी असली की भागते.

दुसरी उणीव पृष्ठभागाची. ओतीव पोलादाचा टरेट, म्हणजे वरचा फिरता घुमट, खडबडीत असतो. जुन्या किटमध्ये तो गुळगुळीत येतो. त्यावर प्लास्टिक चिकटवण्याच्या पातळ सोल्यूशनचा हात फिरवून ते ओले असतानाच राठ ब्रशने हळूहळू टोचले की ओतीव धातूचा पोत उमटतो. तिसरी पट्ट्यांची. एअरफिक्सच्या जुन्या रणगाड्यांचे मऊ प्लास्टिकचे पट्टे तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने जोडायचे असत आणि त्यांच्यावर रंग धरत नसे. मोठ्या किटमधले व्हिनाइलचे पट्टे रबरासारखे ताणून बसतात. खऱ्या टायगरचा जड पट्टा वरच्या बाजूला चाकांवर विसावलेला असतो. तो झोल आणण्यासाठी पट्टा सुपरग्लूने चाकांना चिकटवावा लागतो, नाहीतर सुट्या कड्यांचा नवा पट्टा जोडावा लागतो. काही व्हिनाइलमधला मऊपणा आणणारा घटक कालांतराने पॉलिस्टायरीनची चाके विरघळवतो, म्हणून दोहोंमध्ये रंगाचा थर असणे बरे. चौथी उणीव पटकन लक्षात येत नाही. पट्ट्याच्या वर येणाऱ्या हलच्या, म्हणजे रणगाड्याच्या धडाच्या, भागाला अनेक जुन्या किटमध्ये तळच नसतो. खालून पाहिले की पोकळी दिसते. प्लास्टिक शीटचे दोन तुकडे मापात कापून बसवले की ती बुजते.

हे सारे कशासाठी करायचे, याचे उत्तर एका उदाहरणातून नीट मिळते. एम३ रणगाड्याचे टामियाचे १:३५ किट सत्तरच्या दशकातले आहे आणि ते अजून मिळते. हा रणगाडा दिसायलाच विचित्र. ७५ मिलिमीटरांची मोठी तोफ उजव्या अंगाला हलमध्ये आणि ३७ मिलिमीटरांची छोटी वरच्या टरेटमध्ये. अमेरिकेकडे १९४० मध्ये मोठ्या तोफेचा टरेट ओतण्याची तयारी नव्हती आणि युद्ध थांबणार नव्हते, म्हणून ही तडजोड झाली. अमेरिकी टरेटच्या गाडीला ‘ली’ म्हणत. ब्रिटिशांनी वायरलेस संच टरेटच्या मागच्या भागात बसवून घेतला आणि वरची मशिनगनची छोटी घुमटी काढली, ती ‘ग्रँट’. मूळ एम३चे हल रिव्हेट मारून जोडलेले होते. बाहेरून गोळा लागला की रिव्हेट सुटून आतल्या माणसांना लागण्याचा धोका असे. एम३ए१चे हल ओतीव होते, एम३ए२चे वेल्डिंगचे. किटमधला सांधा घासताना रिव्हेटची ओळ पुसली गेली, तर गाडीचा प्रकारच बदलल्यासारखे होते. म्हणून जाणकार दर्शनी नसलेल्या भागावरचे रिव्हेट चाकूने अलगद सोलून काढतात आणि एकेक करून पुसलेल्या जागी चिकटवतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा अट्टहास वाटेल. पण त्या रिव्हेटमागे माणसांचा जीव होता.

या रणगाड्याचा मोठा पराक्रम आपल्या भूमीवरचा आहे. १३ एप्रिल १९४४ रोजी इंफाळजवळच्या नुनशिगुम टेकडीवर थर्ड कॅराबिनिअर्सचे ली रणगाडे पहिल्या बटालियनच्या, १७व्या डोग्रा रेजिमेंटच्या जवानांसह चढले. धार इतकी अरुंद आणि चढ इतका उभा होता की चालकाला वाट दाखवण्यासाठी रणगाड्यांच्या कमांडरांना झाकण उघडून डोके बाहेर काढावे लागले. जपानी सैनिक जवळच्या खंदकांत होते. लढाईत हल्ल्यातले सगळे ब्रिटिश अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. शेवटी स्क्वाड्रन सार्जंट मेजर क्रॅडॉक आणि डोग्रांचे सुभेदार रणबीर सिंग यांनी पुढाकार घेऊन टेकडी सर केली. हे वाचलेल्या माणसाने नुनशिगुमचा ली करायला घेतला, तर तो झाकण बंद ठेवून करूच शकत नाही. झाकण उघडे ठेवले की जुन्या किटमधली आतली पोकळी उघडी पडते. मग झाकणाची जाडी कमी करा, आतला पेरिस्कोप घडवा, कमांडरची अर्धी आकृती बसवा. ब्रह्मदेशातल्या फोटोंत पुढच्या चिलखतावर पट्ट्यांचे जादा तुकडे लावलेले दिसतात, तेही हवेत. यातला एकही भाग किटच्या चुकीमुळे करावा लागत नाही. एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट जागी माणसे कशी लढली, हे सांगण्यासाठी तो करावा लागतो.

इथेच आमचा आग्रह आहे. आज फोटो-एच, म्हणजे रसायनाने कोरलेले, पितळी पत्रे, लेथवर काढलेल्या धातूच्या नळ्या, रेझिनचे टरेट, सुट्या कड्यांचे पट्टे असे जादा भाग मुबलक मिळतात. त्यांचा उपयोग मोठा आहे. पण जुन्या स्वस्त किटवर त्याच्या किमतीच्या तिप्पट सामान चढवले आणि मूळ गाडीचा एकही फोटो पाहिला नाही, तर मॉडेल महाग होते, अचूक होत नाही. जादा भाग घडवणाऱ्यांच्याही चुका होतात आणि विकत घेतलेली चूक स्वतः केलेल्या चुकीइतकीच चूक असते. आधी फोटो, मग मापे, मग चाकू आणि सर्वांत शेवटी खरेदी, हा क्रम धरावा. सगळ्याच उणिवा भरून काढाव्यात असेही नाही. नवशिक्या मुलाने जुना चर्चिल खोक्यातून काढून जसाच्या तसा जोडला आणि रंगवला, तर त्याचे कौतुकच व्हावे. प्रमाणाची जाण आणि हाताचे वळण त्यालाही लाभतेच. मात्र स्पर्धेत आणि प्रदर्शनात परीक्षकांनी चकाकणाऱ्या पितळेपेक्षा संदर्भाला जास्त गुण द्यावेत. मॉडेलशेजारी मूळ फोटो आणि केलेल्या बदलांची यादी ठेवण्याची प्रथा पडली, तर पाहणाऱ्यालाही शिकता येईल.

महाराष्ट्रातल्या हौशींना याबाबत एक दुर्मीळ सोय आहे. अहिल्यानगरच्या घोडदळ रणगाडा संग्रहालयात व्हॅलेंटाईन, मटिल्डा आणि चर्चिल हे महायुद्धातले रणगाडे प्रत्यक्ष उभे आहेत. किटमधला चर्चिल आणि तिथला चर्चिल यांच्यातला फरक डोळ्यांनी पाहता येतो: पत्रा किती जाड, बोल्टची डोकी केवढी, पट्टा कुठे झुकतो, ओतीव पोलादाचा पोत हाताएवढ्या अंतरावरून कसा दिसतो. परदेशातल्या छंदिष्टांना जे पाहायला शेकडो मैल जावे लागते, ते आपल्याकडे एका दिवसाच्या प्रवासावर आहे. मॉडेलकारांच्या गटांनी आणि शाळांनी याचा उपयोग करायला हवा.

युद्धयंत्रांची खेळणी करावीत का, हा आक्षेप जुना आहे आणि तो गांभीर्याने घेतला पाहिजे. खोक्यावरची भडक चित्रे युद्धाला साहसकथा करतात, हे खरे. जर्मन टायगरभोवती एक भाबडे आकर्षण आहे, हेही खरे. त्याला आवर घालण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे मॉडेलला नेमकेपण आणणे. गाडी कोणाची, कुठली तारीख, आत कोण बसले होते आणि त्यांचे पुढे काय झाले, हे शोधणाऱ्याच्या हातून गौरवाचे भपकेदार मॉडेल सहसा घडत नाही. भारतीय उपखंडातल्या आणि ब्रह्मदेशातल्या लढाया या छंदात दुय्यम राहिल्या आहेत. उत्तर आफ्रिका आणि नॉर्मंडीच्या गाड्यांनी कपाटे भरलेली असतात. ही कमतरता भरून काढण्याचे काम आपल्याकडच्या छंदिष्टांनी अंगावर घ्यावे.

उत्पादकांकडून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक खोक्यावर साचा प्रथम कोणत्या साली आणि कोणत्या कंपनीने घडवला हे छापावे, आणि नव्या आवृत्तीत काय नवे घातले तेही सांगावे. एअरफिक्सने जुने साचे ‘व्हिंटेज क्लासिक्स’ या वेगळ्या मालिकेत ठेवले. हा पायंडा स्वागतार्ह आहे आणि इतरांनी तो पुढे न्यावा. साल छापल्याने विक्री घटेल ही भीती फारशी खरी नाही. स्वस्त, सुटसुटीत आणि सुधारायला भरपूर वाव असलेले किट म्हणून त्याला गिऱ्हाईक मिळतेच. रागावतो तो नवे समजून जुने घेऊन गेलेला माणूस. कंपनीने वय लपवू नये आणि करणाऱ्याने पुरावा टाळू नये. एवढे पाळले गेले, तर साठ वर्षांपूर्वीचा साचा आजच्या मुलाला इतिहास शिकवू शकतो. नाहीतर तो नव्या खोक्यात घालून पुन्हा एकदा विकला जाईल, इतकेच.