मुलींची पुस्तके आणि विद्वानांची नाके

परवा एका साहित्यिक बैठकीत आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी सहज उद्गार काढले : “चौघीजणी हे काय वाङ्मय आहे? ती शाळकरी मुलींची करमणूक!” मंडळी हसली, चहा आला, आणि विषय संपला. आमच्या मते तो तेथेच सुरू व्हावयास हवा होता. जे पुस्तक आईने वाचले, लेकीने वाचले आणि आता नात उशीखाली ठेवून निजते, ते वाङ्मय नसेल तर वाङ्मय कशास म्हणावे, हे आमच्या स्नेह्यांनी एकदा सांगून टाकावे.

लुइझा मे ऑल्कट या अमेरिकन लेखिकेने ही कादंबरी १८६८ व १८६९ साली दोन भागांत प्रसिद्ध केली. प्रकाशकाने मुलींसाठी पुस्तक मागितले म्हणून बाईंनी ते काहीशा नाखुषीनेच हाती घेतले होते. शान्ता शेळके यांनी ते मराठीत आणले, आणि मेग, ज्यो, बेथ व एमी या चार बहिणी आमच्या ओसरीवर येऊन बसल्या.

पहिला आक्षेप असा, की या पुस्तकात घरगुती कुरबुरींपलीकडे काही घडत नाही. आक्षेप घेणाऱ्यांनी पुस्तक चाळले तरी आहे काय? बाप यादवी युद्धावर गेलेला, घरात ओढगस्त, थोरल्या दोघी मुली कमावीत असलेल्या. आणि एका बहिणीचा मृत्यू. हे सारे घरगुती आहे खरे. पण मनुष्य घरातच राहतो, हे टीकाकार केव्हा ध्यानात घेणार?

दुसरा आक्षेप परकेपणाचा. त्यास उत्तर म्हणून आम्ही हरिभाऊ आपट्यांची यमू पुढे करतो. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात येऊ लागली. आजारी बापाकडे जाण्यासाठी आईला पैसे हवेत, म्हणून ज्यो आपण होऊन आपले केस कापून विकते. विधवा यमूचे केस बळजबरीने काढले जातात. एकीचे केस तिचे स्वतःचे होते, दुसरीचे नव्हते. हा फरक चौदा वर्षांच्या मुलीस समजावा, याहून मोठे शिक्षण कोणते? परक्या ज्योला वाचल्यावाचून आपल्या यमूचे दुःख पुरते उमगत नाही, असा आमचा वर्गातील अनुभव आहे.

आता खरी तक्रार सांगतो, आणि ती वाचिकांविषयी नाही, लेखकांविषयी आहे. मुलांसाठी भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे दिला. तो सायकलवर टांग टाकून महाराष्ट्रभर धावला. त्याच्या तोडीची मुलगी कोठे आहे? तेरा वर्षांची झाली की आमची वाचिका एकदम मोठ्यांच्या प्रणयकादंबरीत जाऊन पडते. येथल्याच राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या ना. सी. फडक्यांच्या नायिका तरुण आहेत, सुंदर आहेत. पण प्रेमात पडण्यावाचून त्यांना दुसरा उद्योग फारसा नसतो. उलट, ज्योचे लग्न शेजारच्या लॉरीशीच लावा, असा वाचिकांचा आग्रह असताही ऑल्कटबाईंनी तो मानला नाही; लेखिका होऊ पाहणारी मुलगी त्यांनी एका प्रौढ प्राध्यापकास दिली. प्राध्यापक म्हणून आम्हांस त्यात पक्षपाताचा संशय येऊ नये!

याच करवीरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षे लोटली. आज येथली मुलगी तालमीत कुस्ती खेळते, पहाटे पंचगंगेच्या पुलावरून सायकलने शिकवणीस जाते, सुट्टीत बापाच्या उसाच्या फडावर हिशेब लिहिते. तिचे मन जाणणारी कादंबरी तिने मागितली, तर आम्ही कपाटातून कोणते पुस्तक काढून द्यावे? दीडशे वर्षांपूर्वीचे, सातासमुद्रापलीकडचे! ते देण्यात आम्हांस लाज वाटत नाही. शेजारी ठेवावयास आपले पुस्तक सापडत नाही, याची वाटते.

म्हणून आमच्या विद्वान स्नेह्यांस एवढीच विनंती, की नाक मुरडण्याचे श्रम त्यांनी काही काळ थांबवावेत. मुली काय वाचतात याची थट्टा करण्याचा अधिकार, त्यांच्यासाठी एक तरी चांगले पुस्तक लिहिल्यावर किंवा लिहविल्यावर मिळतो. तोवर ‘चौघीजणी’ उशीखालीच राहू द्यावी.