माठ कोण भरते?

गेल्या फाल्गुनात आमच्या मराठी विभागाच्या भित्तिपत्रकाला विषय होता 'उन्हाळ्यातील साधी सुखे'. पुष्कळ जणांनी लिहिले. मीही लिहिले. कैरीचे पन्हे, मोगऱ्याचा गजरा, वाळा घातलेले माठातले पाणी, उघड्यावर झोपणे, पहाटेचा कोकीळ. लेख वाचताना एक गंमत लक्षात आली. बहुतेक प्रत्येकाने कुठे ना कुठे एक वाक्य लिहिलेच होते की, या सुखांना काही पडत नाही, ती फुकट मिळतात. माझ्याही लेखात ते होते, आणि मला वाटते, सर्वांत ठसक्यात मीच लिहिले होते. भित्तिपत्रक उतरले, कागद कुठे गेले कोणास ठाऊक. पण ते वाक्य मला आज परत घ्यायचे आहे.

मी माण तालुक्यातली. आमचा सातारा जिल्हा मोठा विचित्र आहे. उन्हाळा लागला की लोक दुरून दुरून गाड्या काढून ज्या महाबळेश्वरला गारव्यासाठी येतात, ते याच जिल्ह्यात. तिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्याकडे जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. वर्गातल्या मैत्रिणी विचारतात, "तुमचा सातारा म्हणजे मजाच की!" मी हसते. अलीकडे तालुक्यातल्या काही गावांच्या शिवारात उरमोडीचे पाणी आले आहे, तिथे उसाचे हिरवे पट्टे दिसतात. आमच्या वाडीत घरोघर नळ बसले, तेही खोटे कशाला सांगू? पण फाल्गुन सरत आला की नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येते, आणि मधले दिवस ओढ्याकडेच्या विहिरीवर निघतात.

तरीही आमच्याकडचा चैत्र सुंदर असतो, हे मी अगदी मनापासून सांगते. निंब मोहोरतो. संध्याकाळी वारा सुटला की त्या बारीक फुलांचा वास अंगणभर पसरतो. पाडव्याला निंबाची कोवळी पाने, गूळ आणि ओवा वाटून आजी प्रत्येकाच्या तळहातावर ठेवते आणि तोंड वाकडे करणाऱ्याला दुसरी गोळी देते. रात्री अंगणात बाजा पडतात. उत्तरेला सप्तर्षी वर आलेले असतात. आजी त्यांना सप्तर्षी म्हणत नाही. तिच्या लेखी ती म्हातारीची बाज आहे आणि शेपटाचे तीन तारे म्हणजे बाज चोरायला आलेले तीन चोर. ती गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल.

आणि कुरडया! ज्यांच्या घरी त्या बाजारातून पुडक्यात येतात त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे. चौथ्या दिवशी ते वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर निवळत ठेवायचा. पहाटे वरचे पाणी ओतून टाकले की तळाशी दाट पांढरा चीक राहतो. मग परसात तीन दगडांवर मोठे पातेले चढते. आधणाच्या पाण्यात मीठ, हिंग पडते आणि एक बाई चीक ओतते, दुसरी चाटूने ढवळते. हात थांबला की गाठी झाल्याच. चीक शिजून चकचकीत दिसू लागला की गरम असतानाच सोऱ्यात भरून दाबायचा. निवला तर सोऱ्या हलत नाही. ऊन वर यायच्या आत जुन्या पातळावर पांढरी वेटोळी ओळीने पडली पाहिजेत. म्हणून हे काम पहाटे तीनला सुरू होते. आज आमच्याकडे, उद्या शेजारच्या काकूंकडे, परवा चुलतीकडे. पातेल्याच्या तळाशी उरलेला गरम चीक वाटीत घेऊन त्यावर दूध-साखर घालून खायचा. काही मुले तेल घालून खातात. या वाटीपुढे कोणते आइस्क्रीम ठेवावे, मला सुचत नाही.

गेल्या पाडव्याला जोडून चार दिवसांची सुट्टी मिळाली. मी घरी गेले, आणि कुरडयांच्या दिवशी उठले ती साडेसहाला. चीक शिजून गेला होता. माझी वाटी झाकून ठेवलेली होती. मी उंबऱ्यावर बसून खाल्ली. समोर धाकटी बहीण हंडा उतरवत होती. ती तिची तिसरी खेप. गहू भिजवायला, पाणी बदलायला, चीक निवळायला, पातेली घासायला पाणी लागते, आणि ते विहिरीवरून येते. मी उठून कळशी हातात घेतली तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. चार दिसाची पाव्हणी तू. तुझं वाचन कर." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आईला माझ्या पुस्तकांचे केवढे कौतुक! पुस्तक कोणते हेदेखील ती पाहत नाही, हातात आहे एवढे तिला पुरते. मी कळशी खाली ठेवली. बहिणीने चुंबळ नीट केली आणि ती चौथ्या खेपेला निघाली. ती तेव्हा नववीत होती.

मी कॉलेजला येण्यापूर्वी तिच्या दोनच खेपा होत्या. उरलेल्या माझ्या होत्या. त्या कोणाकडे गेल्या, हे दीड वर्षात मी एकदाही विचारले नव्हते.

त्या दुपारी माठातले पाणी पिताना मला भूगोलाच्या सरांचे शब्द आठवले. माठ पाण्याला गार करतो म्हणजे काय? मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर पाझरते, त्याची वाफ होते, आणि ती वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणजे गारवा हवा तर थोडे पाणी गमवावे लागते. आमच्या विहिरीचे पाणी खारट, त्याने छिद्रे लवकर बुजतात, म्हणून दरवर्षी दहिवडीच्या बाजारातून नवा माठ येतो. मडक्याचे पैसे पडतात ते पडतात, पण पाझरून जाणारे पाणीही कोणाच्या तरी डोक्यावरूनच आलेले असते.

कोणी म्हणेल, कष्ट केल्याने सुखाची गोडी वाढते. हे वाक्य मी निबंधात अनेकदा वाचले आहे. मला तसा अनुभव नाही. डोक्यावर भरला हंडा असताना निंबाचा मोहोर दिसत नाही. नजर पायाखालच्या दगडांवर असते. अकरावीपर्यंत त्याच निंबाखालून मी रोज गेले आणि तो मोहोरतो केव्हा, हे मला सांगता आले नसते. कॉलेजात सरांनी दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'विषयी सांगितले, ग्रंथालयातून मी ते घेतले, आणि १९५६ साली आलेले ते पुस्तक वाचून घरी गेले तेव्हा पहिल्यांदा थांबून वर पाहिले. थांबता आले, कारण डोके मोकळे होते. माझे डोके मोकळे राहावे म्हणून बहिणीच्या डोक्यावर ओझे वाढले. तेव्हा कष्टातच सुख आहे, असे मी तिला सांगणार नाही. तिलाही निंबाकडे पाहायला वेळ मिळाला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

इथे एक गोष्ट बोलून टाकते, रागावू नका. चैत्र शुद्ध द्वादशीला आमच्या तालुक्यात शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाच्या यात्रेत कावडी येतात. सासवडहून कऱ्हेचे पाणी घेऊन निघालेली मानाची कावड मुंगी घाटाचा उभा कडा चढते. माणसे हाताला हात देऊन साखळी करतात, 'हर हर महादेव'च्या गजरात पाण्याचे ते ओझे वर खेचतात. लहानपणी आजोबांच्या खांद्यावरून मी ते पाहिले आहे. अंगावर काटा येतो, आजही येतो. पाणी खांद्यावरून वाहण्यात केवढा मान असतो, हे ज्या तालुक्याला कळते, त्या तालुक्यात घरचा हंडा मात्र एकाही पुरुषाच्या डोक्यावर मी पाहिला नाही. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून आमचा भाऊ पाणी आणतो, आनंदाने आणतो. पाण्याला चाक लागले की ते काम पुरुषाचे होते, पायवाट आली की बायकांचे. हा नियम कोणी केला, मी शोधत आहे.

आजीला हे सांगितले तर ती हसली. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली आहे, सुकडी खाऊन दिवस काढले आहेत. ती म्हणाली, "तवा पाणी हुतंच कुठं, कोण आणतंय म्हणून भांडायला?" तिचे खरे आहे. पण आता थोडे तरी आहे, म्हणूनच भांडता येते.

पाडव्याच्या त्या सुट्टीतले शेवटचे दोन दिवस मी पहाटेच्या खेपा केल्या. आई रुसली. बहीण सहापर्यंत झोपली आणि उठल्यावर, कोणी ओरडले नाही म्हणून घाबरली. माझी मान दोन दिवस अवघडली, सवय मोडली होती. पण सुट्टी संपली, मी वसतिगृहात परत आले, इथे नळ उघडला की पाणी येते.

यंदा ती दहावीत आहे. परीक्षा ऐन उन्हाच्या तोंडावर. परवा फोनवर मी भावाला विचारले, "तिची परीक्षा होईपर्यंत पहाटेच्या खेपा तू करशील का?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, गाडी जाती तिथवर आणतो की." मी म्हटले, विहिरीपर्यंत गाडी जात नाही. तो म्हणाला, "ते ठाव हाय मला." पुढे काही बोलला नाही. पण नाहीही म्हणाला नाही.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला