काळा पडदा आणि मधला निरोप्या

दोस्तांनो, सांगलीच्या विश्रामबागेत वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग आहे, १९४७ साली सुरू झालेलं. उद्या तुम्ही अशा एखाद्या कॉलेजात गेलात, तर एक कोडं भेटू शकतं. ब्राउझरमध्ये साइट झकास उघडते, पण काळ्या पडद्यावर ‘कर्ल’ची आज्ञा दिली की सगळं ठप्प! असं का बरं?

बऱ्याच संस्थांत बाहेरचं इंटरनेट थेट मिळत नाही. मध्ये प्रॉक्सी नावाचा निरोप्या बसलेला असतो. ब्राउझरला त्याचा पत्ता ठाऊक असतो, काळ्या पडद्यावरच्या मंडळींना तो वेगळा सांगावा लागतो. ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ या व्हेरिएबलमध्ये पत्ता आणि पोर्ट लिहायचा. (स्क्विड प्रॉक्सीचा ठरलेला पोर्ट ३१२८.)

पण थांबा! हे नाव स्मॉल लिपीतच हवं. कॅपिटलमध्ये लिहिलंत तर कर्ल ते मुद्दाम वाचत नाही. गंमत बघा, काही वेब सर्व्हरवर बाहेरच्या कुणी ‘प्रॉक्सी’ नावाचं हेडर धाडलं, की ते नेमकं त्याच कॅपिटल नावाने आतल्या प्रोग्रॅमपर्यंत पोचतं. मग प्रोग्रॅम चोरालाच निरोप्या समजतो! २०१६ साली हे भोक ‘एचटीटीपॉक्सी’ नावाने गाजलं.

आणि हो, त्या पत्त्यातच पासवर्ड टाइप केलात, तर तो शेलच्या हिस्टरीत राहू शकतो. हॉस्टेलच्या सामाईक कॉम्प्युटरवर कुणी वरच्या बाणाची कळ दाबली, की तुमचा पासवर्ड हजर! त्यापेक्षा कर्लला वजाचं चिन्ह, कॅपिटल ‘यू’ आणि पुढे फक्त तुमचं युजरनेम द्या. पासवर्ड ते स्वतःच विचारतं, आणि टाइप करताना पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही.