नातवंडांच्या खेळाची टिपणवही

दिघीत आळंदी रस्त्यालगतच्या एखाद्या गृहसंकुलात संध्याकाळी पाचच्या सुमारास डोकावून पाहा. बाकांवर आजी-आजोबा बसलेले असतात आणि समोर तीन ते सहा वर्षांची मुले खेळत असतात. मुलांच्या आईवडिलांपैकी कोणी भोसरीच्या, कोणी चाकणच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेलेले असते. कोणी रात्रपाळीपूर्वीची झोप पुरी करीत असते. दिवसाच्या ज्या घटकांत मूल मन लावून खेळते, त्या घटकांचे साक्षीदार अशा रीतीने घरातील वडीलधारी मंडळी असतात. तरीही ‘याला आता शिकवणी लावायची का?’ हा प्रश्न घरात निघतो, तेव्हा या साक्षीदारांची साक्ष क्वचितच घेतली जाते.

याचे एक कारण आपल्याच उत्तरात दडलेले आहे. दिवसभर मुलाने काय केले, असे सुनेने किंवा मुलीने विचारले की आपण म्हणतो, ‘काही नाही, नुसता खेळत होता.’ या ‘नुसता’ शब्दाने सारी साक्ष पुसून जाते. शेजारच्या घरातील मुलाला शंभरपर्यंत आकडे येतात, ही माहिती मोजता येते. आपले नातवंड अर्धा तास वाळूत काय करीत होते, हे मात्र सांगता येत नाही. जे सांगता येत नाही ते घरच्या निर्णयात धरले जात नाही, आणि मग साडेतीन वर्षांच्या मुलाच्या खेळाचा तास शिकवणीकडे जातो.

बालशिक्षणाच्या अभ्यासकांपुढेही हीच अडचण होती. किती मुलांना किती अक्षरे येतात, हे मोजणारे संशोधन संख्यात्मक म्हणून ओळखले जाते. त्याचे महत्त्व आहेच. पण खेळताना मूल काय समजून घेत आहे, कोणता पेच सोडवीत आहे, हे अशा मोजणीत सापडत नाही. त्यासाठी जवळ बसून पाहणे, ऐकणे, सविस्तर लिहून ठेवणे आणि त्या नोंदींतून अर्थ शोधणे, हा मार्ग अवलंबावा लागतो. यालाच गुणात्मक संशोधन असे नाव आहे. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७३ सालच्या आपल्या ग्रंथात एक उदाहरण घेतले आहे. एका मुलाची पापणी आपोआप फडफडते आणि दुसरा मुलगा मित्राला डोळा मारतो. बाहेरून हालचाल एकच. अर्थ मात्र अगदी निराळे. तो अर्थ प्रसंग, सोबतची माणसे आणि आगेमागे काय घडले यांवरून कळतो. खेळाचेही तसेच आहे.

या दृष्टीने पाहण्याचा एक फार मोठा वारसा महाराष्ट्राजवळ आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली त्यांनी ग्रामीण भागासाठी बोर्डी येथे काम सुरू केले आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, असा अनुभव आला. मुलांना शिकण्याची आवड नाही, असा सोपा निष्कर्ष त्या दोघींनी काढला नाही. मुले दिवसभर कोठे असतात, काय करतात, हे त्यांनी पाड्यांवर जाऊन पाहिले. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळीत होते, कोणी गुरे राखीत होते. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली, ती अंगणवाडी; आणि गुराख्यांसाठी कुरणावर शाळा भरू लागली, ती कुरणशाळा. महागडी साधने नव्हती. शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतील केंद्रांना आपण आज अंगणवाडी म्हणतो, त्या नावामागे ही पाहण्याची रीत उभी आहे.

परदेशातही असे उदाहरण आहे, आणि ते आजोबांना विशेष आवडेल. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांना मुलांच्या मनातील नियमांची कल्पना समजून घ्यायची होती. ते मुलांच्या घोळक्यात गोट्या घेऊन बसत आणि आपल्याला खेळ नीट आठवत नाही, तुम्हीच शिकवा, असे त्यांना सांगत. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात यातून निघालेले निष्कर्ष आहेत. लहान मुले एकत्र बसूनही आपापला खेळ खेळतात आणि सगळेच जिंकतात. नियम थोरांकडून आलेले असल्याने ते बदलता येत नाहीत, असे त्यांना वाटते. मोठी झाल्यावर मात्र सर्वांच्या संमतीने नियम बदलता येतो, हे त्यांना उमगते. गोट्यांच्या खेळात न्यायबुद्धीची जडणघडण चालू असते, हे एका विद्वानाने अज्ञानाचे सोंग घेतल्यामुळे समजले.

शिकागो येथील बालवाडी शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी आपल्या वर्गात ध्वनिमुद्रण यंत्र ठेवले होते. मुलांचे बोलणे नंतर ऐकताना त्यांच्या ध्यानात आले की, मुले काही सांगू लागली की आपणच त्यांना मध्ये तोडून आपल्याला हव्या त्या उत्तराकडे वळवीत होतो. त्यानंतर त्यांनी आपले बोलणे कमी केले आणि ऐकणे वाढविले.

आता आपल्या घराकडे वळू. यासाठी पदवी लागत नाही. एक वही, एक पेन आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा पंधरा मिनिटांची सवड पुरेशी आहे. गुडघे दुखत असतील तर जमिनीवर बसण्याचा हट्ट नको. पाठीला आधार असलेली खुर्ची मुलापासून चार हात दूर ठेवावी. चष्मा आणि श्रवणयंत्र मात्र लावून बसावे, कारण मुलांचे अर्धे खेळणे त्यांच्या पुटपुटण्यात असते. अंथरुणाला खिळलेल्या आजीलाही हे काम करता येईल. तिच्या पलंगाजवळ मूल खेळत असेल तर तिने सांगावे आणि शुश्रूषा करणाऱ्याने लिहून घ्यावे.

पहिली रीत अशी की, जे दिसले आणि ऐकू आले तेवढेच लिहावे. ‘हट्टीपणा केला’ हे मत झाले. ‘तीन वेळा ठोकळा पडला, तिन्ही वेळा उचलला, चौथ्यांदा मोठा ठोकळा खाली ठेवला’ ही नोंद झाली. दोन्ही वाक्यांतील मुले वेगळी वाटतात, हे आपल्या लगेच लक्षात येईल. पानाच्या मधोमध रेघ ओढून डावीकडे नोंद आणि उजवीकडे आपल्याला काय वाटले ते लिहिले, तर दोहोंची सरमिसळ होत नाही.

दुसरी रीत म्हणजे घाईने अर्थ न लावणे. समजा, चार वर्षांची नात भातुकली मांडून बसली आहे. बाहुलीला तिने चादरीखाली निजविले आहे आणि ती सगळ्यांना दटावते आहे, ‘हळू बोला, बाबा झोपलेत.’ ज्या घरात वडील रात्रपाळी करून दिवसा झोपतात, त्या घरातील आजीच्या काळजात हे ऐकून चर्र होईल. पोरीला बापाचा सहवास मिळत नाही, असा अर्थ ती क्षणात लावील. तो खरा असू शकेल. पण कदाचित नातीला कुजबुजण्याची गंमत वाटत असेल. कदाचित घरात आपल्याला सतत दटावले जाते, म्हणून खेळात दटावण्याचा अधिकार तिने स्वतःकडे घेतला असेल. एका प्रसंगावरून ठरविता येत नाही. पुढचे काही दिवस पाहावे. बाहुलीचे बाबा कधी जागे होतात का? जागे झाले की काय करतात? बाजारात नेतात, की पुन्हा झोपतात? संशोधक एकच गोष्ट वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांकडून पडताळून घेतात. आपणही तिच्या आईला आणि अंगणवाडीच्या ताईंना विचारावे.

तिसरी रीत मुलालाच विचारण्याची. ब्रिटनमधील ॲलिसन क्लार्क आणि पीटर मॉस यांनी २००१ साली मांडलेल्या पद्धतीत लहान मुले स्वतः छायाचित्रे काढतात आणि मोठ्या माणसाला आपली जागा हिंडून दाखवितात. आपणही नातवाला म्हणावे, ‘तुझ्या खेळायच्या जागा मला दाखव.’ आपल्याला आवडलेली घसरगुंडी बाजूला राहील आणि तो जिन्याखालच्या कोपऱ्यात नेईल. तिथे का, हे तोच सांगेल. ‘हे काय आहे?’ असा परीक्षा घेणारा प्रश्न टाळून ‘पुढे काय होणार?’ असे विचारले, तर मुले मोकळेपणाने बोलतात.

पंधरा-वीस नोंदी जमल्या की त्या एका बैठकीत वाचाव्यात आणि सारख्या गोष्टींना सारखी खूण करावी. आषाढीच्या सुमारास दिघीतून माउलींची पालखी पुण्याकडे जाते. त्यानंतर उशीची पालखी आणि झाकणांचे टाळ घेऊन मुले घरात वारी काढतात. कोण पुढे, कोण मागे यावर भांडण होते आणि मग पाळी लावली जाते. ही पाळी लावणे म्हणजे वाटाघाट. झाकणे कमी पडली म्हणून दोघांत एक जोडी वाटून घेणे, हे गणित. बाहुलीला आधी आंघोळ, मग जेवण, मग झोप, हा घटनांचा क्रम. पुढे गोष्ट वाचताना आणि सांगताना तोच उपयोगी पडतो. अशा खुणा करीत गेलात की ‘नुसता खेळत होता’ हे वाक्य आपल्या तोंडून निघणार नाही.

या वहीची मर्यादाही ध्यानात असू द्यावी. एका मुलाच्या नोंदींवरून सर्व मुलांविषयी सिद्धान्त मांडता येत नाही. शेजारच्या नातवंडाशी तुलना करण्यासाठी तिचा उपयोग केला, तर तीही एक परीक्षाच होऊन बसेल. मुलाने ‘तुम्ही पाहू नका’ म्हटले तर मान वळवावी. खेळाची छायाचित्रे आणि ध्वनिचित्रफिती नातेवाइकांच्या समूहावर टाकण्याचा मोह आवरावा. मुलाचा खेळ ही त्याची खासगी गोष्ट आहे.

पाहता पाहता सुरक्षितताही सांभाळावी. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती गोट्या, चिंचोके, शेंगदाणे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकू शकतात. घड्याळातील आणि खेळण्यांतील बटनासारखा चपटा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे. आपल्या रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या उशाखाली न ठेवता कुलपात असाव्यात, कारण दवाखान्याच्या खेळात खरी गोळी पोटात जाण्याचा धोका असतो. खेळ संपल्यावर फरशीवरची खेळणी मुलाकडूनच उचलून घ्यावीत. रात्री अंधारात त्यांवर आपला पाय पडला तर खुब्याचे हाड मोडायला तेवढे पुरते.

नियमित नोंदींचा आणखी एक लाभ आहे. नावाने हाक मारल्यावर वर्षाचे मूल वळून पाहत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोटाने वस्तू दाखवीत नसेल, अडीच वर्षांपर्यंत बाहुलीला भरविण्यासारखा लटका खेळ दिसत नसेल, किंवा येत असलेले शब्द व हावभाव कोणत्याही वयात नाहीसे होत असतील, तर ‘बोलेल सावकाश’ म्हणून थांबू नये. वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतही तपासणीसाठी येतात. त्यांना ही नोंद दाखवावी. निदान डॉक्टरांचे, पण तारीखवार निरीक्षणाने त्यांचे काम सोपे होते.

भ्रमणध्वनी देऊन मूल शांत बसविणे सोपे असते, आणि थकलेल्या शरीराला तो आधार वाटतो, हे खरे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल करावी आणि पडद्यासमोरचा बैठा वेळ एका तासाहून अधिक असू नये. जितका कमी तितका बरा. एक वर्षापर्यंतच्या बाळांना तर पडदा नकोच.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० आणि पायाभूत स्तरासाठीचा २०२२ सालचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, या दोहोंनी तीन ते आठ या वयासाठी खेळ हाच शिक्षणाचा पाया मानला आहे. म्हणून शिकवणीचा प्रश्न घरात पुन्हा निघेल तेव्हा वाद घालू नका. सुटीच्या दिवशी, सर्व पाळ्यांची माणसे घरात असताना, वहीची चार पाने शांतपणे वाचून दाखवा. दिवसाचे दहा-बारा तास कामावर आणि रस्त्यावर घालविणाऱ्या आईवडिलांना आपल्या मुलाचा दिवस त्या पानांतून भेटेल. मग त्यांना ठरवू द्या. मात्र निर्णय घेताना मुलाच्या बाजूची साक्ष त्यांच्यासमोर असेल, आणि ती आपल्याखेरीज दुसरे कोणी देऊ शकले नसते.