स्वस्त खोलीचा महाग हिशेब

निवृत्तीनंतर नवरा-बायकोने कोपनहेगन, स्टॉकहोम पाहायचे ठरवले की पहिला वाद हॉटेलवरून होतो. बँकेत उमेद घालवलेला माणूस म्हणून सांगतो, नुसते भाडे पाहू नका. तिकडे बाहेरचे खाणे खिशाला जड जाते. भाड्यातच भरपेट न्याहारी असली, की दुपारपर्यंतची चिंता मिटते. कोपनहेगनच्या मध्यवर्ती स्टेशनाजवळ उतरलात, तर विमानतळावरून रेल्वे सुमारे १५ मिनिटांत पोचवते, टॅक्सी वाचते. स्टॉकहोमची बरीच हॉटेले कामानिमित्त येणाऱ्यांवर चालतात, म्हणून शनिवार-रविवारी दर अनेकदा उतरतात. खोली लहान असली तरी चालेल. पण चार पैशांसाठी गावाबाहेर राहून रोज दोन गाड्या बदलणे ही काटकसर नव्हे. आयुष्यभर जिने घरखर्चात काटकसर केली, तिचे गुडघेही हिशेबात धरा.